पुरी ओळ

(नाशिक. पांडवलेणी, लेणे क्रमांक ३. ओसरीच्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं, अगदी जवळून.)

एकबम्हणस. ब्राह्मीतली सहा अक्षरं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं हे एक विशेषण, त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखातलं. मोबाइलवर एवढाच तुकडा फिरतो आणि त्याखाली भांडण जुंपतं: सातवाहन ब्राह्मण होते की नव्हते? पलीकडून दुसरा तुकडा येतो, खतियदपमानमदन, म्हणजे क्षत्रियांचा दर्प उतरवणारा. तिसरा म्हणतो, लेणं तर बौद्ध भिक्षूंना दिलंय, म्हणजे घराणं बौद्ध.

तिन्ही गोष्टी भिंतीवर खरोखर कोरलेल्या आहेत. खोटं नाणं चटकन ओळखू येतं, खऱ्या नाण्याचा कापलेला तुकडा ओळखायला वेळ लागतो.

आता मागची-पुढची अक्षरं वाचू. एकधनुधरस, एकसूरस, एकबम्हणस. अद्वितीय धनुर्धर, अद्वितीय शूर, अद्वितीय ब्राह्मण. रांगेत वाचलं की हा अर्थ सरळ लागतो. 'ब्राह्मणांचा एकमेव रक्षक' असाही अर्थ काही अभ्यासकांनी लावला आहे, आणि समासाची फोड तशी करता येते. याच लेखात राजानं चार वर्णांचा संकर थांबवल्याचं म्हटलंय. आणि याच लेखात बलश्री, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी, लेणं देते ते भदावनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला. त्या राजघराण्याला हे सगळं एका भिंतीवर कोरताना काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक शब्द पाहा: दिजावरकुटुबविवधन. दिज म्हणजे द्विज, अवर म्हणजे खालचे. द्विज आणि खालचे, दोघांचीही कुटुंबं वाढवणारा. 'जा'चा काना काढा, 'दिजवर' होईल आणि श्रेष्ठ द्विजांची कुटुंबं तेवढी उरतील. ब्राह्मीत हा काना म्हणजे अक्षराच्या उजवीकडची छोटीशी आडवी रेघ.

(कागदी ठसा घेताना हात.)

ती रेघ आहे की दगडाची भेग, हे ठरतं ठशावर. आधी दगड ब्रशनं धुवायचा. ओला कागद लावून, ब्रशनं ठोकून, तो खाचांमध्ये बसवायचा. अर्धवट वाळला की शाईची गादी हलक्या हातानं फिरवायची. कागद काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. पण भेगही पांढरीच राहते, आणि झिजलेल्या दगडातला खड्डा अनुस्वारासारखा दिसतो. कागद फार ओला असेल तर शाई खाचेत उतरते आणि अक्षर बुजतं. म्हणून वाचणारा ठसा आणि दगड दोन्ही पाहतो. त्यातून या प्राकृत लेखांत जोडाक्षरं सहसा टाळलेली असतात, 'वण' लिहिलं की वर्ण घ्यायचा की वन, ते वाक्यावरून ठरवावं लागतं.

(पुणे. लॉ कॉलेज रस्ता, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर.)

दगडाला भेगा पडतात, पोथीत ओळी शिरतात. महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथे सिद्ध झाली. १९१९ ते १९६६, एकूण १,२५९ पोथ्या. एकेक श्लोक मांडून त्याखाली प्रत्येक पोथीतला फरक अक्षरागणिक नोंदवायचा. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, इतक्या लांबच्या दोन परंपरा जिथे जुळतात, तो पाठ जुना धरायचा.

स्वयंवरात द्रौपदी कर्णाला म्हणते, "नाहं वरयामि सूतम्", मी सूताला वरणार नाही. जातीवरच्या वादात हे वाक्य दोन्ही बाजू वापरतात. ते मोजक्याच पोथ्यांत आहे, म्हणून वि. स. सुखठणकरांनी ते संहितेतून काढून खाली टिपेत ठेवलं. कोणी महाभारताचा दाखला दिला, तर पर्व, अध्याय, श्लोक आणि आवृत्ती विचारा, मग पान उघडून संहिता आणि टिपा यांच्यामधल्या रेघेच्या वरचं आणि खालचं दोन्ही वाचा. खाली आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. कुण्या लेखकूला ते वाक्य तिथे हवंसं वाटलं, हाच त्याच्या काळाचा पुरावा आहे. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्य मात्र रेघेच्या वरही नाही आणि खालीही नाही.

(हरियाणा. राखीगढीचं टेकाड.)

इथल्या हडप्पा संस्कृतीच्या वसाहतीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलं. उष्ण मातीत डीएनए टिकत नाही. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, उपयोगी पडला एक, एका स्त्रीचा. २०१९ साली निष्कर्ष आला: तिच्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. लगेच जाहीर झालं, आर्य बाहेरून आलेच नाहीत. पण ही स्त्री हडप्पा संस्कृतीच्या बहराच्या काळातली. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या सोबतच्या निबंधानुसार तो अंश भारतीय उपखंडात आला इ.स.पू. २००० ते १५०० या काळात. तिच्यानंतर आलेल्या माणसांचा माग तिच्या हाडांत कसा सापडणार?

"ब्राह्मण तेवढे परके, बाकी सगळे मूळचे" हा उलटा दावाही टिकत नाही. पशुपालकांचा अंश काही पुरोहित समूहांत जास्त आहे, हे खरं. पण २०१३ साली ७३ समूहांचा अभ्यास झाला, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संशोधक त्यात होते. त्यात जवळजवळ सगळेच मिश्र निघाले. ही सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीची. पुढे लग्नं जातीतल्या जातीत होऊ लागली.

१,९०० वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण बलश्रीच्या लेखाचा काळ. 'वर्णसंकर थांबवला' हे शब्द इथे जोडायचा मोह होतो. पण तो लेख एका आईनं गायलेली मुलाची स्तुती आहे. नाशिकच्या बाजारात तेव्हा कोण कुणाशी लग्न करत होतं, ते त्यात लिहिलेलं नाही.