बनातीवरचा ठसा

(दृश्य: टेबलावर महोगनीची बंद पेटी. झाकणाच्या मध्यावर पितळी चकती.)

जुन्या रिव्हॉल्व्हरची पेटी विकत घेताना ती लगेच उघडायची नाही. आधी उलटी करून तळ बघायचा, मग बिजागऱ्या. बिजागरीशेजारी बुजवलेली जादा भोकं दिसली, तर त्या बिजागऱ्या नंतर कुणीतरी बदलल्यात. आतल्या भिंतींवर कापडाखाली जुन्या कप्प्यांच्या सरळ रेघा हाताला लागल्या, तर ही पेटी पूर्वी लेखनपेटी होती, नाहीतर काटे-चमच्यांची. रिव्हॉल्व्हर खरं आणि पेटी जुळवलेली, असे प्रकार बाजारात पुष्कळ. बरीच किंमत पेटीत असते, म्हणून लबाडीही तिथूनच सुरू होते.

(दृश्य: झाकण उघडतं. हिरवी बनात, कप्पे, मधे रिव्हॉल्व्हर.)

इंग्रजी पद्धतीच्या पेटीत लाकडी पट्ट्यांचे कप्पे असतात आणि त्यांवर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. अमेरिकी पेटीतही कप्पेच, पण त्यांवर बहुधा मखमल. प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा ही फ्रेंच पद्धत. सोबत बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांची डबी, टोपी जिच्यावर बसते ती नळी (निपल) काढायचा पाना, तेलाची बाटली, साफसफाईची काडी. शंभर-दीडशे वर्षं एकाच जागी पडून राहिलेलं लोखंड बनातीवर स्वतःचा ठसा सोडतं. चापाच्या कडीचा तेलकट अर्धगोल, घोड्याच्या टोकाखाली दबलेली लोकर. रिव्हॉल्व्हर उचलून हा ठसा वाचायचा. ठसा अमेरिकी कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचा आणि वर ठेवलंय इंग्रज अॅडम्सचं, तर बोलणी तिथेच थांबवावीत. बनातीवर अतिनील दिवा धरून पाहा. धागा निळसर पांढरा चमकला, तर कापड किंवा शिलाई विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असण्याची शक्यता दाट. झाकणातल्या दुकानाच्या कागदी लेबललाही हीच परीक्षा.

साच्यावरचा आकडा रिव्हॉल्व्हरशी जुळला पाहिजे. इंग्रजी ५४ बोअर म्हणजे एक पौंड शिशात ५४ गोळ्या. एक गोळी सुमारे ८.४ ग्रॅम, व्यास ११.२ मिलिमीटर. रॉबर्ट अॅडम्सचं १८५१ चं पेटंट असलेलं पाच बारी रिव्हॉल्व्हर या मापात पुष्कळ मिळतं. कोल्टचं १८५१ चं नेव्ही मॉडेल सहा बारी, ०.३६ इंची, साडेसात इंच अष्टकोनी नळीचं. दोघंही १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात समोरासमोर होते. त्या काळी इंग्रज अधिकारी पिस्तूल स्वतःच्या पैशानं घ्यायचे, त्यामुळे अशा पेट्या हिंदुस्थानात आल्या.

(दृश्य: बारीक लाकडी काडी नळीत सरकते.)

हातात घेतल्यावर पहिलं काम हे. काडी नळीत घालून खोली मोजायची, मग गोळ्यांच्या फिरत्या चक्रातल्या प्रत्येक घरात. एखाद्या घरात काडी कमी गेली, तर आत अजून गोळी आणि दारू असू शकते. काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते. ठोकू नका, खरवडू नका. परवानाधारक कारागिराकडे द्या.

(दृश्य: भिंगाखाली कोरीव वेल.)

आता कोरीवकाम. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्यावर नाव घालताना ठिपके पडतात. पेटीतल्या रिव्हॉल्व्हरवर छिन्नीनं धातू कापून बाहेर काढलेला असतो. म्हणून खाचेला दोन उतार आणि तळाला धार दिसते. आम्लानं खाल्लेल्या नक्षीचा तळ सपाट, खरखरीत. लोखंड मऊ असताना कोरायचं, मग कडक करून रंग चढवायचा, असा क्रम होता. त्यामुळे खाचेच्या तळाचा रंगही वरच्यासारखाच जुना असायला हवा. वर तपकिरी आणि खाचेत लख्ख, तर वेल मागाहून घातलीय. लंडनच्या परीक्षागृहाचा (जिथे नळीची मजबुती तपासत) मुकुटाखालचा ठसा वेलीनं कापला असेल, तरी शंका घ्यायला जागा आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो मुठीमागचा ‘अमक्याला सप्रेम’ मजकूर. तळहात नेमका तिथे घासतो. वेल झिजलेली आणि अक्षरं मात्र टोकदार, हे जमत नाही. क्रमांक चौकट, नळी, चक्र, चापाची कडी अशा सगळ्या जागी ताडून पाहा.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये. कडा गोल होतात, स्क्रूच्या खाचा फाकतात, आणि मग किंमत पार घसरते. हातमोजे घाला, बारीक मेणाचा एकच हात द्या.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला आहे. चक्र फिरतंय, घोडा पडतोय, तर ‘जुनं आहे’ एवढं पुरत नाही. नियम बदलत आलेत. शहरात पोलीस आयुक्तालयात, तालुक्यात जिल्हाधिकारी कार्यालयात खरेदीआधी लेखी विचारा. शंभर वर्षांवरची वस्तू असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही बघावा लागतो.

(दृश्य: गोदावरीवर पाऊस.)

नाशिकचा खरा प्रश्न हवामान. एप्रिलमध्ये लाकूड आटतं, जुलैत बनात ओल पिते. पेटी ओकची असेल, तर लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेनं शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी येते. त्या काचेच्या बाटलीत वेगळ्या ठेवाव्यात. जूनमध्ये रिव्हॉल्व्हर पेटीतून बाहेर काढून सिलिका जेल घातलेल्या बंद प्लॅस्टिकच्या डब्यात, आर्द्रता ५० टक्क्यांखाली. पेटी वेगळी, बाहेरच्या भिंतीपासून लांब, आणि उन्हाळ्यात कूलरपासूनही. बनातीच्या कोपऱ्यात कसर लागलीय का, ते महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं बघायचं.

दसऱ्याला रिव्हॉल्व्हर पेटीत परत. पूजा करायचीच, तर हळद-कुंकू ताटलीला लावावं. ओला झेंडू नक्षीवर ठेवू नये.