पाणी किती फूट?

नमस्कार मंडळी. संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अस्सल कोल्हापूरकर कसा ओळखावा?’ वर फेटा, मधे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘नाद खुळा’. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच निकाल लावून टाकलाय. तर त्या चित्रापासूनच सुरुवात करतो. करते. बघा, इथंच पकडले गेले. त्यावर येऊच.

‘नाद खुळा’ आता कोल्हापूरचं राहिलेलं नाही. टी-शर्टवर आहे, रिक्षाच्या मागं आहे, मालिकेत ज्याला कोल्हापूरचा दाखवायचा त्याच्या तोंडी दर दोन वाक्यांनी आहे. ‘जगात भारी’चं तेच, ‘विषय हार्ड’चंही तेच. नाशिकच्या पोराला हे सगळं आठवडाभरात येतं, आणि येऊ दे की, आमचं काही बिघडत नाही. पण पाठ करता येतं त्याच्यावरून माणूस कुठला ते कळत नाही. आपण करतोय हे ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं, तिथं तो सापडतो.

आमच्याकडं पाऊस ‘पडालाय’. आई फोनवर ‘काय करालाईस?’ विचारते, आपण ‘जेवालोय’ म्हणतो. आग्रह ‘की’नं होतो: बस की, घे की, सांग की मर्दा. हा ‘की’ नटाला शिकवून येत नाही. तो एक तर विसरतो, नाही तर प्रत्येक वाक्याला लावतो. आणि बायकांचं बोलणं. ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’. पुण्यात वसतिगृहात मी ‘चहा घेतो’ म्हटलं की मुली मान वळवून बघायच्या. मग ‘घेते’ शिकले. ऑफिसात आता ‘घेते’ आणि घरच्या फोनवर ‘घेतो’. एकदा चुकून घरी ‘घेते’ म्हणून गेले तर आत्ती म्हणाली, “का गं, बरं न्हाई काय?”

गावातल्या नावांचंही असंच. बाहेरून येणारा ‘महालक्ष्मीच्या दर्शनाला’ येतो, आम्ही अंबाबाईला जातो. चौकाला ताराराणीचं नाव दिलं, पुतळा उभा राहिला, तो डौलदारही आहे. पण रिक्षावाल्याला सांगायचं ते कावळा नाकाच.

आता चटणी. इथं मला जरा वेळ द्या, कारण रश्श्याचं कौतुक करणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी डंक, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र, पाहिलेला नसतो. ‘चटणी’ म्हणजे आमच्याकडं वर्षाचं तिखट, कांदा-लसूण घातलेलं. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर मिरच्या वाळतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी, आणि संकेश्वरी किती घालायची यावर सासू-सुनेचं दरवर्षी नव्यानं वाजतं. देठं काढायला अख्खी गल्ली एका पायरीवर बसते. मग धणे, जिरं, तीळ, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, एकेक जिन्नस तेलावर भाजायचा, कांदा काळपट होईपर्यंत परतायचा आणि डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा. डंकावर माणूस नुसतं सोडून येत नाही. आपली चटणी शेजारणीच्या चटणीत मिसळू नये म्हणून नाकाला पदर लावून, शिंकत, डोळे पुसत तिथंच उभं राहायचं. मिरची-मसाला आधी कुटून होतो, लसूण-आलं-मीठ नंतर पडतं, आणि त्या दुसऱ्या फेरीला जो वास उठतो त्यानं रस्त्यावरची माणसं वळून बघतात. घरी आल्यावर बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे. त्या दिवसांत दारात भेटलेली बाई ‘कशी आहेस’ विचारत नाही, ‘चटणी झाली काय?’ विचारते. ती झाली असेल तर वर्ष झालं. तांबडा रस्सा हॉटेलात मिळतो हे मान्य, पण त्याचं मूळ या बरणीत आहे, आणि ज्याच्या घरात ती नाही त्यानं रश्श्यावर फार बोलू नये, असं माझं कडवट मत आहे.

आणि तिखटाच्या या गावात संध्याकाळी माणसं दूध प्यायला बाहेर पडतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढतात, फेसाळ कोमट दुधाचा पेला हातात देतात. ही पैलवानांची सवय साऱ्या गावाला लागली. गंगावेस तालीम तिथंच जवळ. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं, ते १९१२ साली तयार झालं. तालीम म्हणजे पेठेची ओळख. गंमत म्हणजे त्याच तालमींचे आज फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की सख्खे साडू दोन बाजूंना बसतात आणि आठवडाभर जेवायला बोलवत नाहीत. अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं. आम्हाला नवल याचं वाटलं, की एकच कसा?

म्हशींवरून आठवलं. दिवाळीत पाडवा-भाऊबीजेला सगर बघितलीय कुणी? हात वर करा. बरं, थोडे आहेत. म्हशीची शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवर केस कातरून नक्षी. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल घेऊन पुढं सुटतो आणि म्हैस गर्दीतून त्याच्याच गाडीच्या आवाजामागं धावते, दुसऱ्याच्या नाही. कानाचे पडदे फाटतात, धूर होतो, आणि सुसंस्कृत माणसांना हे आवडत नाही, हे मला माहीत आहे. मलाही लहानपणी भीती वाटायची. पण स्वतःच्या म्हशीचा असा दिमाख मिरवणारं शहर मला दुसरं दाखवा.

मी म्हणते ती खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जुलै लागला की कोल्हापूरकर नदी फुटांत मोजतो. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा, तिथली पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे दोन आकडे शाळेत कुणी शिकवत नाही, पण दुसरीतल्या पोराला येतात. सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न, “पाणी किती फूट?” दुसरा, “राधानगरीचे दरवाजे किती उघडले?” ते सात आहेत, स्वयंचलित. धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि तिसरा उघडला, चौथा उघडला, हे आम्ही क्रिकेटच्या विकेटसारखं एकमेकांना कळवतो. गगनबावड्यात किती कोसळला ते विचारायचं, कारण आज तिथं पडलेलं पाणी उद्या आपल्या दारात येणार. आधी आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडतात. मग शहरात पाणी कुठवर आलं ते सांगायला आकडा लागत नाही. “जामदार क्लबपर्यंत आलंय” एवढं म्हटलं की कुणाच्या घरात शिरलं आणि कुणाचं दोन पायऱ्यांवर आहे, ते ऐकणाऱ्याला कळतं. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. इथं पुण्यात बसलेल्या तुमच्यातल्या कितीकांनी त्या रात्री बातम्या बंद करून गल्लीतल्या एखाद्या पोराला फोन लावला असेल, कारण वाहिनीवाल्याला पापाची तिकटी कुठं आणि पंचगंगा तालीम कुठं ते कळत नव्हतं.

आता थोडं कडू बोलते. आपण बाहेर राहणारे लोक कोल्हापूर सोडलं त्या सालात कुलूप लावून ठेवतो. मिसळ तेव्हाची, रंकाळा तेव्हाचा. मिसळीबरोबर पाव की ब्रेड यावर तावातावानं भांडतो. ब्रेडच, यात वाद नाही. पण रंकाळ्यात जलपर्णी झाली, पंचगंगेत सांडपाणी जातं, मासे मरून वर येतात, हे निघालं की आपण जेवणाचा विषय काढतो. गावात राहणारा असा सुटत नाही. तो कृती समिती काढतो. टोलविरुद्ध काढली, वर्षानुवर्षं लढवली आणि टोल घालवला. २०१९च्या शेवटी मटणाचा दर वाढला तर त्यासाठीही समिती निघाली, बैठका झाल्या, विक्रेत्यांशी वाटाघाटी झाल्या. बाहेरच्यांनी हसून घेतलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. रविवारच्या जेवणाचा दर चार माणसांत बसून, भांडून ठरवायचा असतो, असं मानणारं गाव आहे हे. रश्श्याचे फोटो टाकणाऱ्यापेक्षा त्या बैठकीत घसा बसवून घेणारा मला जास्त कोल्हापूरकर वाटतो, मग तो मुळात निपाणीचा का असेना.

एक चिठ्ठी आलीय. ‘आमचा मुलगा पुण्यात जन्मला, पुण्याचं बोलतो. तो कोल्हापूरकर होईल का?’ ताई, भाषेची काळजी सोडा. त्याला आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला घेऊन जा. आपण टेंबलाई म्हणतो तीच. नदीला नवं पाणी येतं, ते कलशात भरून मुली डोक्यावर घेतात, पुढं ‘पी ढबाक’ वाजत असतं, आणि टेकडीवर जाऊन ते देवीच्या पायऱ्यांवर ओततात. तिथं त्याला पावसात चालू दे, छत्री देऊ नका. मग गल्लीत परत आल्यावर मटणाचे वाटे होतात. घरटी वर्गणी दिलेली असते, वाटे सारखे पडले पाहिजेत, आणि ते कधीच सारखे पडत नाहीत. कुणाच्या वाट्यात हाडं जास्त, कुणाला कलेजी आलीच नाही. तुम्ही लांब उभ्या राहा. आपला वाटा कमी आहे म्हणून तो स्वतःहून पुढं गेला आणि वाटे घालणाऱ्या काकांशी भांडला, तर मला फोन करा.