पुदिन्याचा सुगंध : कुंडीपासून कपापर्यंत

मित्रहो, घरी पुदिना लावणे आणि त्याचा चहा करून पिणे ही सोपी गोष्ट आहे, तरीही अनेकांच्या कपात शेवटी उतरते ते हिरवट, गवताच्या चवीचे गरम पाणी. दोष बहुधा रोपाचा नसतो. सुगंध पानात नेमका कुठे असतो आणि तो कशाने निघून जातो, इकडे आपले लक्ष गेलेले नसते.

पुदिन्याचे एक पान उलटे करून भिंगाखाली धरा. त्यावर बारीक, चमकदार ठिपके दिसतील. या तैलग्रंथी होत. पानाचा बहुतेक सारा सुगंध या ग्रंथींमध्ये, अगदी पातळ पापुद्र्याखाली साठलेला असतो. म्हणूनच पानावरून नुसते बोट फिरवले तरी बोटाला वास येतो. हे तेल हवेत चटकन उडून जाणारे आहे, आणि लागवडीपासून चहापर्यंतची सारी काळजी या एका गुणधर्मासाठी घ्यायची असते.

पुदिन्याचे प्रकार पुष्कळ आहेत. स्पिअरमिंटचा गोडसर वास कार्व्होन या घटकामुळे येतो, तर पेपरमिंटचा झणझणीत गारवा मेंथॉलमुळे. मेंथॉल तोंडाचे तापमान उतरवत नाही. थंडीची जाणीव करून देणारे मज्जातंतूंवरचे ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारी प्रथिने, ते जागे करते आणि गरम चहा पितानाही आपल्याला गार वाटते. हा ग्राहक ओळखण्यासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मेंथॉलचाच उपयोग केला होता. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील शोधांसाठी 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणपुदिना यांचा संकर असून त्याला सहसा बी धरत नाही. त्यामुळे बियांच्या पाकिटाच्या नादी न लागता, ज्याचा वास आपल्याला आवडला आहे अशा रोपाची फांदी मागून आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण 10 सेंटिमीटरचा निरोगी शेंडा पेराच्या जरा खाली कापावा, खालची पाने काढून टाकावीत आणि फांदी पाण्यात उभी ठेवावी. आठवड्या-दोन आठवड्यांत पेरापाशी पांढरी मुळे फुटतात. मग ती कुंडीत लावावी.

कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असलेली बरी, कारण पुदिन्याची खोडे मातीलगत आडवी पसरत जातात आणि पेरापेराला मुळे धरतात. याच स्वभावामुळे त्याच्या कुंडीत दुसरे रोप लावू नये. ते फार काळ तग धरणार नाही. माती ओलसर हवी, पण निचरा चांगला हवा. रोज चार-पाच तास ऊन मिळाले तर उत्तम. दाट सावलीत फांद्या लांबट, किडमिड्या होतात आणि वासही फिका पडतो. पानांच्या पाठीवर नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा समजावा आणि रोगट फांद्या बुडापासून कापून घराबाहेर टाकाव्यात. ही पाने आपण थेट गरम पाण्यात घालणार आहोत, तेव्हा त्यांवर औषध न फवारलेलेच बरे.

चहासाठी खुडणी करावी ती फुले उमलण्याच्या आधी, सकाळी दव सुकल्यावर. एकेक पान ओरबाडू नये. पेराच्या वर शेंडा खुडला की त्या पेरातून दोन नवे धुमारे फुटतात आणि रोप भरगच्च होते.

आता चहा. सर्वांत जास्त नुकसान इथे होते. पाने पाण्यात घालून खळखळ उकळली की सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते. पुदिन्याचे तेल काढणारे कारखाने वाफेचा वापर करतात तो याच कारणासाठी. स्वयंपाकघर पुदिन्याच्या वासाने दरवळले तर खुशाल समजावे की कपातला ऐवज हवेत गेला. म्हणून पाणी उकळून आच बंद करावी, एका कपाला दहा-बारा ताजी पाने हलक्या हाताने चुरगाळून पातेल्यात घालावीत, त्यांवर ते पाणी ओतावे आणि लगेच घट्ट झाकण ठेवावे. पाच ते सात मिनिटांनी झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच झटकावेत, कारण वाफेबरोबर वर गेलेले तेल त्यांत असते. मग गाळून घ्यावे.

पाने वाळवायची असतील तर सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावीत आणि अख्खीच बरणीत भरावीत. आधीच चुरली तर ग्रंथी फुटतात. चुरायची ती चहा करतानाच.

नुसत्या पुदिन्याच्या चहात कॅफिन नसते, त्यामुळे तो रात्रीही घेता येतो. मात्र ज्यांना छातीत जळजळ होते त्यांचा त्रास पेपरमिंटमुळे वाढू शकतो, कारण त्याने अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल पडतो. शिवाय हा चहा जेवणासोबत घेतला तर वनस्पतिजन्य अन्नातले लोह कमी शोषले जाते. रक्त कमी असणाऱ्यांनी तो दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घ्यावा.