नावातला ‘ळ’ आणि मृत्यूचा दाखला

नमस्कार श्रोतेहो.

काही दिवसांपूर्वी इथे इंदूरच्या रामबागेत एका ओळखीच्या घरी तेराव्याला गेले होते. पंगती उठल्या, पाहुणे निघायला लागले, तेव्हा त्या घरचा मुलगा मला हळूच गॅलरीत घेऊन गेला. म्हणाला, “मावशी, दाखल्याचं आणि बँकेचं काम कधी सुरू करायचं असतं? आत्ता हालचाल केली तर लोक म्हणतील, बापाची राख निवली नाही तोच हा कागदांमागे लागला.”

मी बँकेत 31 वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर गेली. त्या मुलाला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते: लोकांकडे बघू नका, उद्या सकाळीच जा. मृत्यूचा दाखला गेलेल्या माणसाच्या काही कामाचा नाही. त्याची गरज मागे राहिलेल्यांना लागते, आणि सगळ्यात जास्त लागते ती त्या घरातल्या बाईला, जिच्या नावावर आयुष्यभर कुठलाच कागद नव्हता.

जन्म आणि मृत्यूची नोंद करण्याचा आपला कायदा 1969 चा. मृत्यू झाल्यापासून 21 दिवसांत कळवलं तर नोंद फुकट होते आणि दाखल्याची पहिली प्रतही फुकट मिळते. आपल्या हिशेबानं लक्षात ठेवायचं तर तेरावा झाल्यावरही आठ दिवस हातात असतात. ते गेले तर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभं राहावं लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आणि हे काम जिल्हाधिकारी, एसडीएम म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. खेटे मात्र तिथेही घालावे लागतातच.

दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदणी कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. अशा वेळी मुक्तिधामात, म्हणजे स्मशानात, मिळणारी पावती जपून ठेवा, नोंदणीला तीच दाखवावी लागते. आणखी एक गोष्ट, जिच्यात आपली मराठी घरं हमखास अडकतात. मृत्यू जिथे झाला, नोंद तिथेच होते. आई इंदूरची, आधार इंदूरचं, घर इंदूरचं, पण थंडीत लेकीकडे पुण्याला गेली आणि तिथेच गेली. मग तिचा दाखला पुणे महापालिकाच देणार. अस्थी खेडीघाटावर नर्मदेत सोडल्या म्हणून आपल्या नगर निगमात नोंद होत नाही. धावत्या गाडीत मृत्यू झाला तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते ते मृत्यूचं ठिकाण धरतात. हे माहीत नसल्यामुळे माणसं दोन शहरांत महिनोन्‌महिने हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत.

आता नावाकडे येते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त दावे अडले ते नावापायी.

इथलं सरकारी कामकाज हिंदीत चालतं आणि हिंदी लिहिणाऱ्याच्या हाताला ‘ळ’ची सवय नसते. मग काळे ‘काले’ होतात, पिंगळे ‘पिंगले’ होतात. एका कागदावर काळे, दुसऱ्यावर काले, पासबुकावर इंग्रजीत तिसरंच काही. त्यातून आपली नावं सांगायची रीत वेगळी. आपण आडनाव आधी सांगतो, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. समोरचा लिहून घेतो त्याला ऐकू येईल तसं. बायकांची तर दोन-दोन नावं, माहेरची आणि सासरची. शाळेच्या दाखल्यावर सुमन आणि लग्नानंतर सगळीकडे वैशाली, अशी बाई गेली की ती सुमन आणि ही वैशाली एकच, हे सिद्ध करायला शपथपत्रं करावी लागतात.

आमच्याच घरचं सांगते. माझे वडील सरकारी शाळेत मास्तर. कागदोपत्री दत्तात्रय, पण जन्मभर सगळे त्यांना बाळासाहेबच म्हणत. ते गेले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. नोंद करणाऱ्यानं भावाला विचारलं, “नाम?” त्याच्या तोंडून निघालं, “बाळासाहेब.” त्या घटकेला दुसरं काय निघणार! दाखला तसाच छापून आला. पेन्शनच्या आदेशावर दत्तात्रय, दाखल्यावर बाळासाहेब. बँकेत काम करणारी मुलगी घरात असून आईची फॅमिली पेन्शन पाच महिने अडकली. ती चूक माझीही होती. मी त्या रात्री भावाच्या हातात आधार कार्ड द्यायला हवं होतं.

म्हणून सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारची एक झेरॉक्स औषधांच्या डब्यात ठेवा. मुक्तिधामच्या रजिस्टरातही नाव सांगताना ती समोर धरा. आणि दाखला हातात पडला की खिडकी सोडायच्या आधी प्रत्येक अक्षर वाचा.

दाखला नक्की कुठे कुठे लागतो? बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, गॅसचं कनेक्शन, मतदार यादी, ही यादी तुम्हाला ठाऊक असेल. दोन-तीन ठिकाणी थोडं थांबते. बँकेत नॉमिनी असला तर पैसे त्याच्या हाती लवकर येतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांच्या वतीनं तो ते स्वीकारतो. पेन्शनर गेल्यावर एटीएममधून त्यांची पेन्शन काढत राहू नका. दाखला आला की बँक मृत्यूच्या तारखेपासूनचा हिशेब करते आणि ते पैसे परत घेते. आणि पासबुकात मे-जूनच्या सुमाराला 436 रुपये कापल्याची नोंद आहे का ते जरूर बघा. असेल तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता, त्यात 2 लाख रुपयांचं संरक्षण असतं. नवऱ्यानं कधीतरी फॉर्मवर सही केलेली, बायकोला पत्ताच नाही, अशी किती पासबुकं माझ्या हाताखालून गेली!

मग घर आणि जमीन. इथे वारस नोंदीला फौती नामांतरण म्हणतात. फौत म्हणजे मृत्यू. देवासकडच्या एका कुटुंबाची चार बिघे जमीन पणजोबांच्या नावावरच राहिली होती. पणजोबांच्या मृत्यूची नोंद नाही, आजोबांची नाही, वडिलांची मात्र झालेली. नातवाला कर्ज हवं होतं आणि वरची दोन माणसं कागदावर अजून जिवंत होती. दहाव्याला कावळा शिवेना की म्हातारी माणसं म्हणतात, जीव कशात तरी अडकलाय. त्या नातवाकडे बघून मला तेच आठवलं.

ज्यांचा मृत्यू कुणी पाहिलाच नाही, त्यांचं काय? माणूस घरातून गेला आणि परतलाच नाही. ज्यांना त्याची खबर असायला हवी अशांना 7 वर्षं काहीच कळलं नाही तर पुराव्याचा कायदा तो मृत असल्याचं गृहीत धरू देतो, पण त्यासाठी कोर्टाचा निर्णय आणावा लागतो, तेव्हा पुढची नोंद होते. अशी एक बाई माझ्याकडे दर दिवाळीनंतर यायची. खात्यात पैसे होते. ती ना सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला जायची, ना विधवा म्हणून कुठला अर्ज भरू शकायची. तिला वकिलाकडे जायला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गळ्यातल्या मण्यांशी चाळा करत बसली. तो निर्णय मागायचा म्हणजे आशा सोडायची, हे मला तेव्हा कळलं.

दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत. पुष्कळांना वाटतं ते राहून गेलं, पण कायद्यानंच तशी मनाई आहे. कारण असतं ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात आणि रजिस्टरात. आता त्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यावी लागते. ती मागून घ्या. कोविडनं गेलेल्यांच्या कुटुंबांना 2021 साली 50,000 रुपयांची मदत ठरली, तेव्हा कारणाचा कागद नसलेली घरं फार हैराण झाली.

डॉक्टरांनीही तिथे नुसतं “हृदय बंद पडलं” लिहायचं नसतं. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशानं पडलं आणि त्यामागे मूळ आजार कोणता, ते क्रमानं लिहायचं असतं, कारण त्यावरून शहराला आपलं दुखणं कळतं. 1917 साली पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले तेव्हा हे शहर प्लेगनं पोळलेलं होतं. त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं, ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत जास्त झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवलेली असतील, त्याच रस्त्यांनी ती जाईल. घरोघरी सफाई सुरू झाली. पुढच्या वर्षी, 1918 मध्ये, त्यांनी होळकर दरबाराला शहराचा मोठा अहवाल दिला. आज स्वच्छतेसाठी आपलं नाव देशभर घेतात, पण कोणत्या मोहल्ल्यात माणसं कशानं जातात हे आजही त्या रजिस्टरावरूनच समजायचं असतं. आपण नोंद केली नाही तर आपला माणूस त्या मोजणीतही नसतो.

आता आमच्या बाळासाहेबांचं काय झालं ते सांगते. दाखल्यात चूक असली तर पुरावे देऊन निबंधकांकडून ती दुरुस्त करून घेता येते. मूळ नोंद खोडत नाहीत. बाजूला समासात दुरुस्ती लिहितात, खाली सही आणि तारीख. वडिलांचं सेवापुस्तक, आधार आणि आईचं शपथपत्र आम्ही दिलं, आणि रजिस्टरात बाळासाहेब तसेच राहून शेजारी दत्तात्रय आले. आईला ते आवडलं. म्हणाली, “दोन्ही राहिले, बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पेन्शनचा अर्ज भरायला गेले. मृताशी नातं, असा रकाना होता. मी लिहायला पेन उघडलं, तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत स्वतः लिहिलं: पत्नी.

नमस्कार.