मान कुणी वळवली?

[पडदा काळा. जड दार लागल्याचा आवाज. मग हळूहळू उजेड.]

दार लागलं. आपण एका अष्टकोनी खोलीत उभे आहोत. खिडकी एकही नाही. ज्या दारातून आत आलो, ते भिंतीत नेमकं कुठे होतं तेही आता सांगता येत नाही. वरच्या बाजूला चार तसबिरी. त्यातल्या एकीत एक तरुणी, हातात नाजूक छत्री, ओठांवर मंद हसू.

मग भिंत वाढायला लागते आणि तिच्याबरोबर तसबीरही खाली लांबत जाते. तरुणीचा झगा दिसतो, पावलं दिसतात. पावलांखाली असतो एक ताणलेला, उसवत चाललेला दोर. आणखी खाली, जबडा वासून बसलेली मगर.

कुणी हसतं, कुणी किंचाळतं. माना सगळ्यांच्याच वर. आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या पायांखालची जमीन मुकाट्याने खाली चाललेली असते.

[कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा नकाशा. कडेने फिरणारा रेल्वेमार्ग लाल रंगात.]

हे ‘हाँटेड मॅन्शन’, ९ ऑगस्ट १९६९ रोजी लोकांसाठी उघडलेलं भुताचं घर. बाहेरून दिसतो तो जुना वाडा म्हणजे जवळपास दर्शनी भाग. खरी राइड आहे रुळांच्या पलीकडे, गोदामासारख्या एका भल्यामोठ्या इमारतीत. पार्काला रेल्वेचा वेढा, आणि वेढ्याच्या आत एवढ्या मोठ्या राइडला जागा नव्हती. तेव्हा लोकांना खाली उतरवायचं, रुळांखालून चालवत न्यायचं आणि पलीकडे गाडीत बसवायचं, असं ठरलं. म्हणजे हवी होती एक लिफ्ट.

लिफ्टमध्ये माणूस काय करतो? दाराकडे तोंड करून मजल्यांचे आकडे बघतो. इथे आकड्यांच्या जागी मगर दिली.

पुढे १९७१ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात दुसरं ‘हाँटेड मॅन्शन’ उभं राहिलं. तिथे रुळांखालून जाण्याची भानगडच नव्हती, लिफ्टची गरज उरली नव्हती. तरी ती खोली बांधलीच. फरक इतकाच की तिथे माणसं जागेवर राहतात आणि छत वर सरकतं. ज्या अडचणीपायी हा प्रवेश लिहिला गेला, ती अडचण संपली तरी प्रवेश कुणाला काढवेना.

[गर्दीचा रस्ता, वरून. माणसं वाट फुटेल तिकडे चालताहेत.]

थीम पार्कात गोष्ट सांगणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. ते रचणारी बरीच मंडळी सिनेमातून आलेली होती. सिनेमात प्रेक्षक खुर्चीत बसतो आणि दिग्दर्शक दाखवेल तेवढंच बघतो. इथे प्रेक्षक चालतोय. एकाच्या कडेवर मूल, दुसऱ्याला स्वच्छतागृह शोधायचंय, तिसरा चुकामूक झालेल्या माणसाला फोन लावतोय. यातल्या कुणालाही ‘इकडे बघा’ असं सांगायची सोय नाही. तरी त्यांनी ठरल्या वेळी, ठरल्या जागी बघायला हवं.

वॉल्ट डिस्ने यासाठी एक गमतीदार शब्द वापरायचे, ‘वीनी’, म्हणजे सॉसेज. हातात सॉसेज धरलं की कुत्रं मुकाट मागे येतं, तसं रस्त्याच्या टोकाला काहीतरी उंच, डोळ्यांत भरणारं उभं करायचं. माणसं आपसूक तिकडे चालू लागतात. डिस्नेलँडमध्ये ते काम राजवाडा करतो. लोक त्याला अवाढव्य समजतात, पण त्याची उंची भरते जेमतेम ७७ फूट. खालचे चिरे मोठे, वर जाल तसे लहान. खिडक्या आणि मनोरेही वर जाताना आकसत जातात. दूरची वस्तू लहान दिसते हे डोळ्याला पाठ असतं. म्हणून वरचं लहान दिसलं की तो समजतो, ते फार उंचावर आहे. तिकडे नेणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांनाही हीच युक्ती लावलीय. तळमजला जवळपास खऱ्या मापाचा, वरचे मजले चोरून लहान केलेले.

दाखवायचं काय, हे ठरलं. झाकायचं काय, हा भाग जास्त मेहनतीचा, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते या धंद्यातली खरी कारागिरी तिथेच आहे.

[कॅमेरा एका झाडीवरून सरकतो. झाडीत काहीतरी आहे, पण नजर ठरत नाही.]

पार्काभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे आत आल्यावर बाहेरचं शहर दिसू नये. विजेच्या पेट्या, कुंपणं, सेवेची दारं यांच्यासाठी एक मळकट, राखाडी झाक असलेला हिरवा रंग आहे. त्याला कारागीर ‘गो अवे ग्रीन’ म्हणतात. ‘निघून जा हिरवा’ म्हणा हवं तर. त्या रंगाच्या दारासमोरून तुम्ही दहादा गेलात तरी तिथे दार होतं, हे तुम्हाला आठवणार नाही.

आणि मग उंचीचा हिशेब. अमेरिकेत २०० फुटांवर गेलेल्या बांधकामाला विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो. परीकथेतल्या मनोऱ्याच्या टोकाला लाल दिवा लुकलुकला की परीकथा आटोपली. फ्लोरिडातला सिंड्रेलाचा राजवाडा म्हणून १८९ फुटांवर थांबतो. तिथलंच ‘टॉवर ऑफ टेरर’ नावाचं झपाटलेलं हॉटेल १९९ फुटांवर.

[अंधार. काळी, शिंपल्यासारखी गाडी वळते.]

पुन्हा भुताच्या घरात जाऊ. रुळांपलीकडे गेल्यावर आपण ज्या गाडीत बसतो, तिची पाठ उंच आणि दोन्ही बाजू बंद. अशा गाड्यांची अखंड माळ फिरत असते आणि प्रत्येक गाडी आपल्या आसावर वळू शकते. सिनेमावाल्यांना पार्कात हरवलेला कॅमेरा इथे परत सापडला. आता प्रेक्षकाची मान वळवायची गरज नाही, सगळा प्रेक्षकच वळवता येतो. डावीकडे दार धडधडतं तेव्हा गाडी डावीकडे. ते संपायच्या आत उजवीकडे.

गाडीचा प्रश्न सुटला, पण गोष्ट काय सांगायची यावर डिस्नेच्या कलावंतांतच दोन मतं होती. क्लॉड कोट्स पार्श्वचित्रं रंगवणारे, त्यांना हवं होतं अंगावर काटा आणणारं वातावरण. मार्क डेव्हिस पात्रं घडवणारे, त्यांना हव्या होत्या गमती. शेवटी दोघांचंही राहिलं. राइडचा पहिला भाग रिकाम्या, कुजबुजणाऱ्या बोळांचा, आणि शेवट दफनभूमीतल्या भुतांच्या धमालीचा. जोड अजूनही जाणवते. मला विचाराल तर ती जाणवते म्हणूनच बरं वाटतं. आधी भूत दिसत नाही म्हणून भीती वाटते, आणि एकदा दिसायला लागलं की हसू येतं.

मधे येतं नाचघर. आपण सज्जातून खाली बघतो. खाली लांबलचक मेज, आणि बाजूला जोडपी नाचताहेत. त्यांच्या आरपार मागची भिंत दिसते.

[रात्रीची धावती गाडी. खिडकीच्या काचेत प्रवाशाचा चेहरा, बाहेरच्या काळोखावर तरंगणारा.]

ही जादू तुम्ही स्वतः कितीदा तरी केलीय. रात्री आगगाडीच्या खिडकीशी बसलात की आपलाच चेहरा बाहेर शेतांवरून धावताना दिसतो. आत दिवा, बाहेर अंधार, मधे काच. १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी याच तत्त्वावर रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, नाव मात्र पेपरचं झालं. नाचघरातही आपल्या आणि मेजाच्या मधे प्रचंड काच आहे. भुतं खरोखरच्या बाहुल्या आहेत, पण आपल्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात. तिथला दिवा लागला की भूत येतं, मालवला की जातं.

या नाचात एक चूकही राहून गेलीय. प्रतिबिंबात उजवं-डावं उलटतं, हे बाहुल्या उभ्या करताना ध्यानात राहिलं नाही. त्यामुळे तिथल्या जोडप्यांत नाच पुढे नेतात बायका आणि मागोमाग फिरतात पुरुष. पन्नासाहून अधिक वर्षं भुतं अशीच नाचताहेत. बिघडलं काहीच नाही.

[इंग्लंड. झाडांचे शेंडे, त्यावर काहीच नाही. मग कॅमेरा खाली, खडकाच्या खड्ड्यात.]

अडचणीतून गोष्ट काढायची म्हटलं, तर इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या थीम पार्काला तोड नाही. झाडांच्या शेंड्यांवर काही बांधायचं नाही, असं तिथे बंधन. आणि बांधायचा होता रोलर कोस्टर, ज्याची सगळी ऐट उंचीत! डिझायनर जॉन वॉर्डली आणि मंडळींनी जमीनच खोल खणली. १९९४ मध्ये ‘नेमेसिस’ सुरू झाला तो खडकाच्या त्या खड्ड्यात. आता खड्डा का, याला काहीतरी कारण हवं. कारण असं दिलं, की खणताना जमिनीखाली झोपलेला एक अक्राळविक्राळ प्राणी सापडला, आणि हे पोलादी रूळ म्हणजे त्याला जखडून ठेवायला टाकलेल्या बेड्या. खड्ड्यात साचणाऱ्या पाण्याला लाल रंग दिला. सरकारी नियमाचा असा सूड फार थोड्या लोकांनी उगवला असेल.

[नेदरलँड्स. एक गलेलठ्ठ पुतळा, आ वासलेला. समोर एक लहान मूल, हातात चुरगळलेला कागद.]

राइडच हवी असंही नाही. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगमध्ये १९५२ साली चित्रकार आंतोन पीक यांच्या कल्पनेतून परीकथांचं जंगल उभं राहिलं. त्या पार्कात एक खादाड आहे, होले बोले खाइस. मूळचा तो डच बडबडगीतातला. इथे तो कचरापेटी झाला. ‘कागद इकडे, कागद इकडे’ म्हणून ओरडत असतो. तोंडाजवळ कागद नेला की सुर्रकन आत ओढतो आणि आभार मानतो. मूल एकदा चकित होतं, दुसऱ्यांदा खदखदून हसतं, आणि मग खिसे चाचपायला लागतं. खिशातलं संपलं की जमिनीवर शोधतं. ‘कचरा कुंडीत टाका’ अशी पाटी लावून हे झालं असतं का?

पाटीवरून आठवलं. अलीकडे पुष्कळ ठिकाणी रांगेत मोठा पडदा लावतात. त्यावर गणवेशातलं कुणीतरी येतं आणि सांगतं की आज आपण अमुक मोहिमेवर निघालोय, सगळं अगदी सुरक्षित आहे. त्याच क्षणी आपल्याला कळतं, की आता काहीतरी बिघडणार. जगातल्या निम्म्या राइडची गोष्ट ‘निघालो आणि बिघडलं’ एवढीच असते, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सगळं तोंडाने सांगून टाकण्याची. रांगेत माणूस तासभर उभा असतो. एवढा वेळ आणि एवढं लक्ष दुसऱ्या कुठल्या गोष्टकाराला मिळतं?

[बर्फाचा डोंगर. पायथ्याशी प्रार्थनेच्या पताका, धुळकट दुकानं, वाफेचं इंजिन.]

त्या वेळाचं काय करता येतं, ते फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कात बघावं. तिथली ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही राइड २००६ मध्ये सुरू झाली. जो रोडी हे तिचे मुख्य डिझायनर. त्यासाठी ते हिमालयात जाऊन आले, तिथली बांधकामं, रंग, झिजलेलं लाकूड बघून आले. डोंगर १९९ फुटांचा, दिव्याच्या नियमाला थोडक्यात चुकवणारा. आणि नाव एव्हरेस्ट असलं तरी आपण चढतो तो डोंगर वेगळाच. तो कल्पित, निषिद्ध डोंगर आहे. एव्हरेस्ट म्हणजे त्याच्या मागे दिसणारं एक छोटं, फिकट शिखर. लहान केलं म्हणून ते मैलोगणती दूर वाटतं.

रांग सुरू होते एका प्रवासी कंपनीच्या कचेरीतून. भिंतीवर परवाने, नकाशे. मग एक देऊळ. देवळातही यती, म्हणजे दंतकथेतला हिममानव, कोरलेला. पुढे गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान. मग एक संग्रहालय, त्यात पावलाच्या ठशाचा साचा, आणि एका मोहिमेचे अवशेष. तंबू फाटलेला, सामान विस्कटलेलं. कुणी काही समजावत नाही. कचेरीवाले म्हणतात चला, देऊळ म्हणतं जाऊ नका, आणि आपली रांग पावला-पावलाने पुढे सरकत असते. चहाच्या मळ्याची जुनी आगगाडी येऊन थांबते, तोवर निर्णय आपणच घेतलेला असतो.

गाडी वर चढते. आणि थांबते. समोर रूळ उखडून, पिळून वर वळवलेले. पुढे वाट नाही. त्या काही क्षणांत मागे रूळ बदललेला असतो, आणि गाडी उलटी, अंधारात घसरते. भिंतीवर एक सावली रूळ उपटताना दिसते.

मग शेवटी तो स्वतः. सुमारे २५ फुटांचा यंत्रमानव-यती. सुरुवातीला तो खरोखर हात उगारून गाडीवर झेपावायचा. राइड सुरू झाली आणि काही काळातच त्याची हालचाल बंद करावी लागली. डोंगराच्या पोटातली एवढी अजस्र वस्तू बाहेर काढून दुरुस्त करणं म्हणजे डोंगरच उकलण्यासारखं. तेव्हा त्याच्यावर झपझप लुकलुकणारा दिवा सोडला. राइडचे चाहते त्याला थट्टेने ‘डिस्को यती’ म्हणतात.

[गाडी पुढच्या बाकावरून. अंधार. गती वाढते.]

खाली उतरलेल्यांची बोलणी ऐकत उभं राहिलं, तर तिथे दोन तट पडतात. एकाला पक्कं माहीत असतं, की यती पुतळ्यासारखा उभा होता. दुसरा शपथेवर सांगतो, की त्याने हात मारला, माझ्या डोक्यावरून गेला.

[दिव्याची एक लुकलुक. पंजा. अंधार.]