कपाळावरचं नाक

(तपोवन. सकाळ. शूर्पणखेचं शिल्प.)
लक्ष्मणानं नाक कापलं ते इथं, म्हणून गावाचं नाव नाशिक. इथला कुठलाही रिक्षावाला हे सांगेल. नाक कापल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. लावल्याची फारशी कुणाला नाही.

(वॉर्ड. मुलगी, एका बाजूनं.)
सुरगाण्याकडची ही मुलगी, वय सात. नाकाची उजवी बाजू जन्मापासूनच नाही, नाकपुडीही नाही. फार क्वचित दिसणारं व्यंग. आईला मात्र सात वर्षं एकच ऐकावं लागलं: ग्रहणात विळी हातात धरली असशील. पोटातल्या बाळाचा चेहरा घडतो चौथ्या ते आठव्या आठवड्यात. तेव्हा दिवस गेल्याचं बाईला पुष्कळदा कळलेलंही नसतं. ती ग्रहण पाळणार कधी?

(हात. कात्री.)
आता हातांकडे बघा. टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातला हा चंदेरी कागद. डॉक्टर तो चांगल्या, डाव्या नाकपुडीवर दाबतात, कापतात आणि उलटा करतात. झाली उजवी बाजू! कागद कपाळावर ठेवून जांभळ्या शाईची रेघ. तेवढीच कातडी उचलायची, पण भुवईपाशी जोडलेली ठेवायची. तिथली रक्तवाहिनीच तिला जगवते. मग ती फिरवून नाकावर. आत अस्तर, मध्ये बरगडीतली कूर्चा. ती काढतानाचं चित्रण नाही, आणि दाखवायलाही नको.

(जुनं चित्र.)
टिपूच्या कैदेत नाक गमावलेला हा कावसजी, इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नाक करून दिलं. कागदाऐवजी मेणाचा पातळ पत्रा. कपाळ तेच, भुवयांमधला सांधाही तोच. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं ते चित्रासकट छापलं. ते वाचून कार्प्यू या डॉक्टरनं लंडनमध्ये तसं नाक केलं, १८१४ साली. मासिकात कावसजीचं नाव आहे. विटा पाडणाऱ्याचं नाही.

(पट्टी सुटताना.)
भुवईपासून नाकापर्यंत सोंडेसारखी लोंबणारी ही कातडी. पुण्यात हा सांधा पंचविसाव्या दिवशी कापत, इथं एकविसाव्या.

वाढत्या वयात आणखी शस्त्रक्रिया लागतील, कपाळावर व्रण राहील. शाळा जूनपासून.

(आजीचे हात.)
तो चंदेरी कागद आजीनं मागून घेतला. पदराच्या गाठीत आहे.