रणांगणाबाहेरचे मृत्यू

(पणजी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, युद्धात किती माणसे मेली असे कोणी विचारले की आपल्या तोंडी प्रथम सैनिकांचा आकडा येतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. त्यांतील हजारोंची नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली आहेत. त्याच युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ च्या जूनमध्ये, इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात शिरली. परदेशांतून सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांबरोबर ती आली असे मानले जाते. पावसाळा सरता सरता तिने उग्र रूप धारण केले आणि १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसांचा बळी घेतला. भारताच्या जनगणनांच्या इतिहासात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली असे एकच दशक आहे, ते १९११ ते १९२१ चे. त्या साथीत मेलेल्यांची नावे मात्र कुठेही कोरलेली नाहीत.

तो विषाणू युद्धाने निर्माण केला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण छावण्यांत दाटीवाटीने राहणारे तरुण, खंडाखंडांतून फिरणारी जहाजे आणि रेल्वेगाड्या, महाग झालेले धान्य, आणि त्यातच त्या वर्षीचा अपुरा पाऊस, हे सारे एकत्र आले तेव्हा साथीचा संहार झाला. युद्धाचा मृत्युदरावरील परिणाम बहुधा असाच, आडवाटेने घडतो.

इतिहासात हे फार जुने आहे. क्रिमियाच्या युद्धात मेलेल्या सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिकांपैकी १६ हजारांच्या आसपास रोगाने मेले, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली आकृती काढून ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे मांडली. पुढे लस, स्वच्छ पाणी आणि शस्त्रक्रिया यांच्यामुळे सैन्यातले रोगमृत्यू घटले. पहिल्या महायुद्धात युरोपच्या पश्चिम आघाडीवर शस्त्राने मेलेले रोगाने मेलेल्यांपेक्षा अधिक होते. ही प्रगती सर्वांच्या वाट्याला आली नाही. त्याच युद्धात पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश सैन्याचे सामान वाहणारे आफ्रिकी हमाल आमांश, मलेरिया आणि उपासमारीने मेले. त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. शेजारच्या मोझांबिकमध्ये आपल्या गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचेच सैन्य होते, आणि तेथेही शत्रूच्या गोळीपेक्षा तापानेच अधिक माणसे नेली. मृतांच्या यादीत कोणाला जागा मिळते, हे सत्तेच्या उतरंडीवर ठरत आले आहे, आणि मला हे फार अस्वस्थ करते.

आता आपल्या अधिक जवळचा काळ घेऊ. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही तटस्थ होता. पण गोव्याची शेती गोव्याला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ कधीच देत नव्हती आणि बाहेरून येणाऱ्या तांदळात ब्रह्मदेशाचा वाटा होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो रस्ता बंद झाला. आपले तारवटी, म्हणजे गोव्याचे खलाशी, ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर कामाला होते, आणि त्या जहाजांना पाणतीर मारणारा तटस्थ देशाचा माणूस कोणता हे पाहत नव्हता.

बंगालमध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती जाण्याची परिणती १९४३ च्या दुष्काळात झाली. सुमारे ३० लाख माणसे गेली, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, सैन्यासाठी खरेदी वाढली, भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले, आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारपट्टीवरच्या हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या. होडी गेल्यावर मासेमारी कशी चालणार आणि भात बाजाराला कसे पोचणार, हे गोव्याच्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट अमर्त्य सेन यांनी दाखवून दिली: या दुष्काळाच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून बरेच अधिक मृत्यू १९४३ संपल्यानंतरचे आहेत. धान्य पुन्हा मिळू लागले तेव्हाही खंगलेल्या शरीरांना मलेरिया, कॉलरा आणि देवी नेतच राहिल्या. डिसेंबरला हिशेब बंद करणाऱ्याने अर्ध्याहून अधिक मृत वगळलेले असतात.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि ८०० ते १३०० माणसे मेली. मुंबईत त्या दिवशी लढाई नव्हती. मग हे मृत्यू अपघाताचे मानायचे की युद्धाचे? मी ते युद्धाचेच मानतो, कारण युद्ध नसते तर तो माल त्या धक्क्यावर नसता.

जी मुले जन्मलीच नाहीत, त्यांचाही हिशेब मांडावा लागतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने सुमारे १४ लाख सैनिक गमावले आणि युद्ध नसते तर जन्मली असती अशी साधारण तेवढीच मुले जन्मली नाहीत. वीस वर्षांनी ही पोकळी सैन्यभरतीत उघडी पडली, आणि १९३५ मध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेचा काळ फ्रान्सला दोन वर्षांपर्यंत वाढवावा लागला. सोव्हिएत संघात १९५९ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या २ कोटींहून अधिक भरली. युद्ध संपून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. त्या पिढीतल्या लाखो स्त्रियांचे लग्न झाले नाही किंवा संसार एकटीने ओढावा लागला, आणि ते कोणत्याही मृत्युनोंदीत येत नाही.

म्हणून अभ्यासकाची रीत अशी असावी: शांततेच्या वर्षांत एखाद्या भागात दर महिन्याला किती मृत्यू आणि किती जन्म होत होते ते आधी ठरवायचे, आणि युद्धाच्या व नंतरच्या काही वर्षांत त्यात काय फरक पडला ते वय, लिंग आणि महिना पाहून मोजायचे. गोव्यात हे काम करता येण्यासारखे आहे. येथे १९१४ पासूनची नागरी नोंदणी आहे आणि त्याआधीची चर्चची दप्तरे आहेत. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीच्या काही गावांचे १९१७ ते १९१९ आणि १९४१ ते १९४५ या वर्षांतले मासिक मृत्यू कोणी तरुण अभ्यासकाने काढावेत, आणि त्यांत पाच वर्षांखालील मुलांचे व बाळंतिणींचे मृत्यू वेगळे नोंदवावेत.